दोन समुद्र पाहिलेली चटई

मी एक जुनी प्लास्टिकची चटई आहे, मित्रांनो, आणि मी रागावले आहे. चटईला कसला आलाय राग, म्हणून हसू नका. आधी माझं ऐका.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात मी विणली गेले. हिरवे-पांढरे पट्टे, कडेला लाल कापडाची शिलाई. दुकानदार म्हणाला होता, "ले जाओ भाभी, दस साल नहीं फटेगी." भागीरथीबाईंनी मला दोनदा ताणून पाहिलं आणि अंबरनाथला बुवापाड्यातल्या आपल्या घरी नेलं.

तिथे माझा खरा मान वर्षातून एकदाच. सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, ही मंडळी पांढरे कपडे घालून दादरला चैत्यभूमीवर जात. रांगेतून दर्शन घेऊन आले की भागीरथीबाईंचे यजमान भीमराव मला चौपाटीच्या वाळूवर पसरत. ते कारखान्यात फिटर आणि वस्तीतल्या विहाराचे सेक्रेटरी. चपलेचा पाय माझ्यावर पडला की ओरडत. त्यांची मुलगी यशोधरा माझ्यावर बसून तिथेच विकत घेतलेली पुस्तकं वाची. घरी आल्यावर भीमराव ओल्या फडक्याने माझी वाळू पुसत. अशी माया दुसऱ्या कुठल्या चटईला मिळालेली मला ठाऊक नाही.

दोन हजार सातच्या जुलैत यशोधरा शिकायला मेलबर्नला निघाली. वजनकाट्यावर बॅग जास्त भरली, तिने लोणचं काढलं, पण मला काढलं नाही.

तिथे पाच महिने मी तिचं अंथरूण होते. सकाळी कॉलेज, संध्याकाळी हॉटेलात भांडी घासणं. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. घरी फोनवर मात्र सांगायची, "मस्त चाललंय आई." या पाच महिन्यांत मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं नाही.

डिसेंबरात परीक्षा संपली. खोलीत सोबत राहणारी वैदेही बदलापूरची. ती म्हणाली, "यशू, दोन दिवस सुट्टी आहे. चल ना बीचवर, थोडी हवा खाऊ." यशोधराने कॅलेंडर पाहिलं आणि लगेच हो म्हणाली. मला गुंडाळून काखेत घेतलं तेव्हाच मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर होता. दादर नाही, तर निदान समुद्र तरी.

तिथल्या मुक्कामी, सहा तारखेच्या सकाळी, वैदेही झोपलेली असताना ती पांढरा कुर्ता घालून किनाऱ्यावर गेली. मेणबत्ती काही केल्या टिकेना, वारा इतका होता. मग तिने मला उभी दुमडून आडोसा केला. ज्योत माझ्या कडेला लागली, लाल शिलाई जळाली, मेण माझ्यावर सांडलं. तिने एकटीने त्रिसरण, पंचशील म्हटलं. तेव्हा फोटो काढायला कोणीही नव्हतं.

फोटो निघाला दुपारी. हाफपँट घालून पोरगी पाण्यात उभी होती, एका लाटेने तिची चप्पल पळवली आणि ती खदाखदा हसली. वैदेहीने नेमकं तेच टिपलं, ऑर्कुटवर टाकलं. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती.

चार दिवसांनी भागीरथीबाईंचा फोन आला. "अगं, त्या मुकेशने विठ्ठलवाडीला सायबरमधून तुझा फोटो छापून आणला. विहारात सगळ्यांना दाखवत फिरला. म्हणतो, बघा, सेक्रेटरींची पोरगी सहा डिसेंबरला पिकनिक करते. पप्पांनी सेक्रेटरीपद सोडलं गं!"

मुकेश म्हणजे तिचा सख्खा चुलतभाऊ. मी चटई होते म्हणून, नाहीतर त्याला तिथेच गुंडाळला असता.

"पप्पांना फोन दे," यशोधरा म्हणाली.

"ते उठून बाहेर गेले."

ते प्रत्येक वेळी उठून बाहेर गेले. जवळजवळ वर्षभर. दर रविवारी ती माझ्यावर बसून फोन लावायची आणि फोन ठेवून माझ्यावरच पालथी पडायची. ज्या माणसाने माझी वाळू इतक्या जपून पुसली, त्याला पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारता आला नाही?

पुढच्या नोव्हेंबरात ती मला घेऊन सुट्टीवर घरी आली. भीमराव एकाच खोलीत राहूनही तिच्याशी बोलेनात. "तिला सांग, पाणी तापलंय," असं बायकोला सांगत, आणि पोरगी तीन हातांवर उभी असे.

पाच डिसेंबरला दादरच्या तयारीसाठी त्यांनी मला गॅलरीत पसरलं आणि फडकं फिरवलं. एका जागी ते अडकलं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं, मग जळालेली कड पाहिली.

"हे काय?" त्यांनी थेट तिला विचारलं.

"मेणबत्ती. तिकडे वारा फार होता. चटई जळाली थोडी. सॉरी पप्पा."

"सहा तारखेला?"

"हो. सकाळी. वैदेही उठायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोनवर आलात का?"

भीमराव माझ्यावर मटकन बसले. "चुकलो गं," एवढंच म्हणाले आणि रडले. ती त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांना माफ केलं.

मी नाही केलं. दुसऱ्या दिवशी दादरला मुकेश मोबाइल काढून "यशू, एक फोटो?" म्हणाला तेव्हा भीमरावांनी त्याला "खिशात ठेव तो" म्हणून झापलं. बरं वाटलं, पण राग गेला नाही.

मित्रांनो, आता मी फाटत आले आहे. मला सांभाळा असं मी म्हणणार नाही, प्लास्टिक काय, बाजारात दुसरं मिळतं. माणसाला विचारत जा. समजा, त्या दिवशी वारा नसता, मेण माझ्यावर सांडलंच नसतं, तर माझी पोर खोटी ठरली असती का? पाच महिन्यांनी एकदा हसली, त्यासाठी तिला चटईची साक्ष लागावी?

तो डाग अजून माझ्यावर आहे. भीमराव दरवर्षी तो सोडून बाकीची चटई पुसतात.