समोरच्या घराची दुसरी किंमत

अर्लीन टिलमन चौतीस वर्षं क्लीव्हलँडच्या त्याच गल्लीत भाड्यानं राहिली, आणि चौतीस वर्षं समोरच्या विटांच्या घराकडे बघत राहिली. ते विकायला निघालं तेव्हा तिनं मुलीला सांगितलं, "टोन्या, ते माझं आहे. फक्त कागद व्हायचेत."

जन्मभर रोखीनं जगलेली बाई. कधी कर्ज काढलं नाही, फेडल्याची नोंद नाही, म्हणून बँकेनं घराच्या कर्जाला व्याज चढं लावलं. पण चढ्या व्याजाच्या कर्जाला कायदाही कडक. मालकानं हे घर बहात्तर दिवसांपूर्वी साठ हजार डॉलरला घेतलेलं, आता मागत होता पंच्याण्णव. इतक्या थोड्या दिवसांत किंमत इतकी फुगली, की बँकेला घर आतून बघून किंमत ठरवणारा दुसरा माणूस पाठवावाच लागतो, तोही स्वतःच्या खर्चानं.

मालकाचा दलाल क्रेग अर्लीनच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "मिस अर्लीन, बँकेच्या पहिल्या माणसानं किंमत पंच्याण्णव बरोबर म्हटलंय की! दुसऱ्यात दोन आठवडे जातील. माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. माझ्या ओळखीचा एकजण कर्ज देतो, तो असली भानगड करत नाही."

"भानगड करत नाही, की कायदा पाळत नाही?"

क्रेग गेल्यावर टोन्या म्हणाली, "मम्मा, घर हातचं जाईल गं."

अर्लीननं ओसरीवरची खुर्ची समोरच्या घराकडे वळवली. "जाऊ दे गेलं तर. चौथीपर्यंतच शिकलेय मी, पण नुसत्या रंगाचे पस्तीस हजार होत नाहीत, तेवढं कळतं मला."

मंगळवारी बँकेनं किंमत ठरवायला पाठवलेल्या मिसेस डोंब्रोव्स्की आल्या, हातात मोजपट्टी, पायात जाड बूट. दारातच क्रेगला त्यांनी विचारलं, "घेतल्यापासून मालकानं घरात काय काय केलं? किंमत का वाढली ते मला लिहावं लागतं."

"सगळं नवं! छप्पर नवं, तळघरातली घर गरम ठेवायची भट्टी नवी."

समोरच्या ओसरीवरून अर्लीनचा आवाज आला. "छप्पर? मालकानं घेतल्यापासून रोज मी इथे बसलेय, बाई. रंगवाले दोन दिवस, गालिचावाले एक दिवस, आणि दोन दारं. छपरावर चढली ती फक्त कबुतरं!"

"मिस अर्लीन, तुम्ही मधे बोलू नका."

"मधे कुठे? मी माझ्या ओसरीवरून बोलतेय."

मिसेस डोंब्रोव्स्की आधी शिडी लावून छपरावर बघून आल्या, मग तळघरात उतरल्या. भट्टीला रंग ताजा होता, पण झाकण काढल्यावर आतल्या पट्टीवर साल निघालं एकोणीसशे चौऱ्याण्णव.

खरेदीच्या सह्यांच्या चांगले पाच दिवस आधी अहवालाची प्रत अर्लीनच्या हातात पडली, फुकट. टोन्यानं वाचून दाखवली: रंग, गालिचा, दोन दारं. किंमत चौऱ्याहत्तर हजार. बँक त्याहून जास्त धरायला तयार नव्हती.

संध्याकाळी क्रेगचा फोन आला. "मालक चौऱ्याहत्तरला तयार आहे."

"का रे, दुसरं गिऱ्हाईक आजारी पडलं?"

"सह्या कधी करताय, तेवढं सांगा." अर्लीननं त्याला मुद्दाम थोडं ताटकळत ठेवलं.

"बरं. सह्या झाल्या की किल्ल्या तू स्वतः आणून द्यायच्या," ती म्हणाली. "आणि दारात टोपी काढायची. माझं घर आहे ते."