नवसाची तलंग

नवस बोलायला नुसती जीभ लागते, फेडायला छाती लागते. देवाने मला जीभ भरपूर दिली आहे, त्यामुळे मी बोलून बसले.

आमचा निहार बी.कॉम. होऊन घरात होता. सकाळी पेपरातल्या जाहिरातींभोवती गोल काढायचा, दुपारी झोपायचा, संध्याकाळी जेसल पार्कला मित्रांच्या घोळक्यात जाऊन उभा राहायचा. त्याचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर घेऊनच मी गावी गेले आणि देवळात बोलून मोकळी झाले, "आई, पोराला नोकरी लागू दे, तुला घरच्या दाण्यावर वाढवलेली तलंग देईन." तलंग म्हणजे अजून एकही अंडं न घातलेली कोंबडी. आमच्या देवीला तीच लागते, अंड्यावर आलेली चालत नाही. नारळ बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण अडलेल्या माणसाला नारळ सुचत नाही.

देवीने आपलं काम चोख केलं. निहारला मालाडच्या कॉल सेंटरात नोकरी लागली. रात्री गाडी न्यायला येते, सकाळी सोडायला येते आणि फोनवर अमेरिकेतल्या लोकांना तो आपलं नाव 'नील' सांगतो. आता पाळी माझी होती.

पिल्लू मला कार्मिनने दिलं. कार्मिन उत्तनची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसून 'नंबर प्लीज' म्हणत म्हाताऱ्या झालो आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही एकदमच दिला. तिच्या वाडीत कोंबड्या मोप. आम्ही राहतो गोडदेवला, तळमजल्यावर, आणि आमच्या मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा आहे. तिथे तुळस, कढीपत्ता आणि पाण्याचं पिंप होतं. त्यात एका खोक्याला जाळी मारून हिची सोय केली.

नवसाच्या जीवाला नाव ठेवायचं नाही आणि माया लावायची नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. आमच्या यांनी, म्हणजे आत्मारामांनी, मान डोलावली. निहारने तर तिच्याकडे बघितलंही नाही. माझं सांगणं पाळलं नाही ते मीच. मी तांदूळ निवडायला बसले की ती येऊन माझ्या पावलावर बसायची. कपडे वाळत घालताना पायात पायात करायची. मी तिला "ए तलंगे, सरक" म्हणून ओरडायची आणि मुठीतले तांदूळ तिच्यापुढे सोडायची. तिच्या पंखाखाली बोटं घातली की इतकं ऊबदार लागायचं की मला माझाच राग यायचा.

आणि नवस फेडायची देवीची जत्रा आली तोंडावर. एसटीची तिकिटं काढून झाली, हिला न्यायला झाकणाची टोपलीही आणली. मी घरात उगाच सगळ्यांवर डाफरायला लागले होते. भाजीत मीठ कमी पडलं तरी दोष यांचा आणि जास्त पडलं तरी यांचाच.

त्यातच एका सकाळी दाणे टाकले तर बाईसाहेब जागच्या हलेनात. पिसं फुगवून, शेपटी खाली पाडून, पाय फाकवून भिंतीशी उभ्या. डोळे अर्धे मिटलेले. मी तळव्यावर तांदूळ धरले, तर तिने मान वळवली.

बरी झाली तर जत्रेला जाणार, नाही झाली तर इथेच जाणार. दोन्हीकडून कोंबडी जाणारच होती. तरी मला ती बरी व्हायला हवी होती, आणि का ते मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी त्याला लाटणं फेकून मारलं असतं.

जनावरांचा डॉक्टर म्हणून आमच्या भागात एकच, तोही कुत्र्या-मांजरांचा. त्याला फोन लावला. त्याने विचारलं, "वजन किती असेल, मॅडम?"

"असेल दीड किलो."

"मग मुरवायला पाव किलो दही पुरेल," म्हणाला आणि स्वतःच हसला. मी फोन आपटला.

मग घरचे वैद्य पुढे आले. आमच्या यांना होमिओपॅथीचा नाद. त्यांनी आपली डबी उघडली, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या पाण्यात विरघळवल्या आणि ड्रॉपरने चोचीत सोडल्या. मग वही-पेन्सिल घेतल्यासारखा चेहरा करून विचारलं, "हिला तहान जास्त लागते का? स्वभाव रडका आहे की तापट?"

"घरातल्या बाईवर गेली असेल तर तापट," मी म्हटलं.

निहार रात्रपाळी करून आला, त्याने उंबऱ्यातूनच बघितलं. "आई, मानमोडी असणार. सगळ्या कोंबड्या मरतात त्यात, मी नेटवर वाचलंय."

"तू झोपायला जा, नाहीतर मान मी तुझी मोडेन," मी म्हटलं. तो गेला. मग मी मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. वरच्या मजल्यावरच्या रसिलाबेन गॅलरीतून सारखं तिच्याकडे बघतात, म्हणून मनातल्या मनात त्यांचंही नाव घेतलं. त्या पक्क्या जैन. "गिरिजाबेन, इसको काटोगे तो पाप लगेगा," असं त्या मला रोज बजावायच्या.

कार्मिनला फोन केला. "उन लागला असंल," ती म्हणाली. "लसून ठेचून भरव. मी येतंय बसने." लसूण भरवला, तर तलंगीने तो माझ्या साडीवर थुंकला.

दुपार झाली. मी तिच्यासमोर पाट टाकून नुसती बसून राहिले. तेवढ्यात तिने शेपटी जरा उचलली, अंग आवळलं, चोच उघडली, जोर केला. मग सैल पडली आणि इकडेतिकडे बघायला लागली, जणू काही झालंच नाही. जरा वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा. मी बघतच राहिले. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

"अहो," मी हाक मारली. "हिला कळा येतायत."

हे डबी घेऊन बाहेर आले. "कसल्या कळा?"

"निहारच्या वेळी मला आल्या होत्या त्या."

मी तिच्या पोटाखाली अलगद हात घातला. मागच्या बाजूला काहीतरी टणक, गोल हाताला लागलं. अंडं. पहिलंच, आणि अडून बसलेलं. इतका वेळ आम्ही एका बाळंतिणीला साखरेच्या गोळ्या आणि लसूण चारत होतो.

तेवढ्यात कार्मिन पोचली. तिनेही हात घालून बघितलं आणि कपाळाला लावला. "माझ्या ध्यानात कसा न्हाय आला! तू हिला शिंपल्यांचा चुरा घालतंस का?"

"मी हिला आंबेमोहोर घालते."

"मंग अंडा सरकंल कसा? कवच व्हायला चुना नको? चल, गरम पानी काढ."

न्हाणीतला पसरट टब मागच्या दारात आणला. यांनी पाणी तापवलं आणि त्यात कोपर बुडवून बघितलं, निहार तान्हा असताना बघायचे तसंच. मी हिला पोटापर्यंत पाण्यात धरून बसले. आधी फडफडली, माझी साडी भिजवली, मग पाय सोडून डोळे मिटून अशी बसली की मला वाटलं आता ही तेल-उटणं मागते की काय. कार्मिन म्हणाली, "आनखी ऊन पानी घाला, थंड होऊ देऊ नका," आणि हे किटली घेऊन आत-बाहेर करू लागले.

वरून रसिलाबेनचा आवाज आला. "क्या हुआ? काटनेवाले हो क्या उसको? इसलिए गरम पानी?"

"नहीं हो, डिलिव्हरी है," मी वर ओरडले.

वरचं दार लागल्याचा आवाज आला आणि बाई जिन्यावरून खाली. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "दिवेल लगाओ, दिवेल. मेरी सासू हमेशा दिवेलही देती थी."

मी ओल्या पायांनी देवघरात धावले आणि दिव्याच्या तेलाची बाटली घेऊन आले. रसिलाबेननी ती नाकाशी धरली. "ये तो दिये का तेल है."

"दिवेल म्हणजे दिव्याचंच तेल ना?"

"अरे नहीं, दिवेल. एरंडा का. पेट साफ करने का."

"एरंडेल म्हणा की मग!"

ते आमच्या घरात नव्हतं. त्या पुन्हा वर गेल्या, धापा टाकत बाटली घेऊन आल्या. कार्मिनने कापसाच्या बोळ्याने मागे तेल लावलं, मी कोरड्या पंच्यात हिला गुंडाळलं आणि पोट हलक्या हाताने शेकत राहिले, दाबायचं मात्र नाही. रसिलाबेननी तिचं डोकं धरलं होतं. अंडं म्हटलं की ताट बाजूला सारणारी ती बाई. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, पण हात काढला नाही. "बस, बेटा, थोडा जोर," असं भिंतीलाच सांगत होती.

आणि ते आलं. तलंगीचं पहिलं अंडं म्हणे एवढंसं असतं. हे चांगलं थोरलं होतं, रक्ताची बारीक रेघ असलेलं, गरमगरम माझ्या ओंजळीत पडलं. पंच्यातून मान बाहेर काढून तिने जो कोलाहल मांडला, तो ऐकून निहार झोपेतून उठून आला. आम्ही तिघी बायका हसत होतो आणि तिघींचेही डोळे भरले होते. ती खाली उतरली, पिसं झाडली आणि थेट तांदळांकडे गेली.

हे चष्मा पुसत होते. पुसता पुसता अगदी हळू म्हणाले, "गिरिजा, आता ही तलंग कुठे राहिली?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं. खरंच की. अंड्यावर आलेली देवीला चालत नाही. ती सुटली होती, आणि मला नाचावंसं वाटत होतं. पण लगेच भीतीही वाटली. मी देवीला फसवलं तर नाही? पाण्यात मी धरलं, अंडं मी काढलं, म्हणजे नवस माझ्याच हाताने मोडला. आणि त्या नवसावर पोराची नोकरी टांगलेली.

मी दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे यांचे थोरले चुलतभाऊ, देवीचं सगळं गावी तेच बघतात आणि त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नाही. मी काही लपवलं नाही. गोळ्या, लसूण, गरम पाणी, दिवेल, सगळं सांगितलं.

"म्हंजे ती तुझ्या घरात बाळंत झाली," दाजी म्हणाले.

"हो, दाजी."

"आनि बाळंतपन तू केलंस."

"हो. मी दुसरी तलंग वाढवू का? जत्रा तर..."

"कशाला? बोललीस ती वाढवलीस. तुझ्याकडून खोट न्हाय. आनि बाळंतिनीवर सुरी चालवायची आपल्यात रीत न्हाय. देवी बी बाईमानूसच हाय, तिला का कळत न्हाय? तिची खना-नारळानं ओटी भर. नवस फिटला."

मी फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून पदर तोंडाला लावून मोठमोठ्याने रडले. एवढी तर मी निहारला नोकरी लागली तेव्हाही रडले नव्हते.

यांनी माझं नुसतं रडणंच ऐकलं आणि दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. मी काही सांगायच्या आधीच आत गेले, बाहेर जायचा शर्ट अंगात घालून आले. घाईत बटणं वरखाली लागली होती.

"संध्याकाळची एसटी मिळेल मला," ते म्हणाले. "दाजींना काय करायचं ते माझं करू दे. कोंबडी कुठेही जाणार नाही."

उभ्या आयुष्यात हा माणूस दाजींसमोर मोठ्याने खोकलासुद्धा नव्हता. मी डोळे पुसले. सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. चुकीच्या काजांत बटणं लावून, हातात चपला घेऊन भांडायला निघालेला माझा नवरा मला जरा वेळ नुसता बघायचा होता.