संगणकाची खंडेनवमी

भाद्रपद सरता सरता सुखदेचा उजवा पाय मोडला. जिन्याच्या पाचव्या पायरीवरून उडी मारण्याची पैज तिने जिंकली खरी. परंतु त्या विजयापायी सात वर्षांच्या त्या पोरीला गुडघ्यापर्यंत प्लास्टर मिरवीत खिडकीशी बसावे लागले. पहिले दोन दिवस जयनगरच्या त्या गल्लीतील मैत्रिणी प्लास्टरवर आपापली नावे लिहून गेल्या. नंतर रस्त्यावर कुंटेबिल्ल्याचे चौकोन आखले गेले, आणि एका पायावर उड्या मारण्याच्या त्या खेळापुढे घरात बसलेल्या सखीची आठवण कोणाला राहणार?

तिसऱ्या दिवशी सुखदेने आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. ते तिच्या आजोबांनी, दामोदरपंतांनी, पाहिले. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त वर्षभर परदेशी असल्यामुळे नातीचा सांभाळ त्यांच्याकडेच होता. पंत क्वचितच वचन देत, पण त्या दिवशी ते बोलून गेले, “बाळ, तुला खेळाकडे जाता येत नाही ना? मग दसऱ्याला खेळच तुझ्याकडे येईल.”

“नक्की?”

“नक्की.”

वचनाचा सारा भार होता कारखान्याने मोडीत काढलेल्या एका संगणकावर. निवृत्तीनंतर पंतांनी तो घरी आणला होता आणि त्यावर ते स्तोत्रांची अकारादी सूची करीत. वरच्या मजल्यावर राहणारा गुंडूअण्णा चिकपेटजवळच्या एका दुकानात संगणक जुळवीत असे. मूळचा बेळगावचा असल्याने त्याच्या मराठीत कन्नडची फोडणी असे. त्याने संगणकाची नाडी पाहिली.

“पंत, ह्या अज्जाला मेमरी चारच एमबी. स्तोत्राला चालतंय. खेळातला ससा पळवायला आठ पाहिजे.”

अष्टमीच्या संध्याकाळी त्याने मेमरीची नवी पट्टी, आवाजाचे कार्ड आणि खेळाच्या तीन फ्लॉप्या आणून दिल्या, आवाजाचे कार्ड स्वतः बसविले, आणि बसगाडीची वेळ झाली म्हणून उठला. “पट्टी तेवढी रिकाम्या खाचेत तुम्हीच दाबा. कट्ट वाजलं की बसली. मी सासुरवाडीहून परवा येतो.”

पण दुसरा दिवस खंडेनवमीचा. ज्या साधनांनी वर्षभर उदरभरण होते, त्यांना त्या दिवशी विश्रांती द्यायची आणि त्यांची पूजा करायची. पंतांनी पक्कड, पाने, पत्नी नीलाताईंचे शिवणयंत्र यांच्या शेजारी संगणक मांडला आणि त्याचे झाकण काढून ठेवले.

“अहो, झाकणावरच वाहा की हळदकुंकू,” नीलाताई म्हणाल्या.

“देव्हाऱ्याचे दार लावून कोणी पूजा करते का?” पंत उत्तरले, आणि त्यांनी यथाविधी गंध, फूल व चिमूटभर अक्षता त्या उघड्या यंत्रावर वाहिल्या.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. पंतांनी निर्माल्य वेचून घेतले, पट्टी खाचेत दाबली, कळ दाबली. पडदा अंधारलेलाच राहिला आणि पेटीतून तीन दीर्घ हाका आल्या. पंतांनी पट्टी काढली. यंत्र पूर्ववत चालू झाले. पुन्हा बसविली, पुन्हा त्याच तीन हाका. नवी पट्टीच सदोष असली पाहिजे, असा त्यांनी निर्णय केला. आणि दसऱ्याला दुकान कोणाचे उघडे असणार?

छत्तीस वर्षे यंत्रांत घालविलेल्या त्या पुरुषाला नातीकडे पाहण्याचे धैर्य होईना. श्रीखंडाची वाटी त्यांच्यापुढे तशीच राहिली. सुखदाच म्हणाली, “आजोबा, दसरा रात्री झोपेपर्यंत असतो ना?”

“असतो, बाळ.”

“मग तोंड कशाला पाडता? जेवा.”

दिवस कलताना गुंडूअण्णा हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पाने घेऊन दारात उभा राहिला. पंतांनी सोने स्वीकारले आणि अपराध्यासारखी सारी हकीकत सांगितली.

“पट्टी खराब? छे! मी दुकानात लावून बघितलीय. अक्का, स्वल्प बॅटरी दाखवा.”

नीलाताईंनी प्रकाश धरला. अण्णा पेटीत नाकापर्यंत वाकला आणि एकाएकी त्याचे खांदे हलू लागले. नीलाताईंच्या शिवणाच्या सुईने त्याने खाचेच्या तळातून काहीतरी अलगद उचलले आणि तळहातावर ठेवून पंतांपुढे धरले. कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा होता.

“पंत, मशीनला नैवेद्य दाखवायचा असतो. भरवायचा नसतो!”

नीलाताई पदर तोंडाला लावून हसल्या. “मी मेली झाकणावर वाहा म्हणत होते!”

“म्हणत होतीस,” पंतांनी कबूल केले, आणि स्वतःच्या पांडित्यावर तेही मनमुराद हसले.

कट्ट! या वेळी हाक एकच आली, तीही छोटी आणि प्रसन्न. पडद्यावर आठ एमबीचा आकडा उमटला. तिन्ही फ्लॉप्या एकामागून एक आत गेल्या. आणि अकस्मात ढोलकीसारख्या वाद्याच्या गजरात एक पांढरा ससा हिरव्या टेकडीवर येऊन उभा राहिला. सुखदेने बाणाची कळ दाबली. सशाने उडी घेतली, आणि त्याच क्षणी स्टुलावरचा प्लास्टरमधला पायही वीतभर वर उचलला गेला.

“उडाला! आजोबा, उडाला!”

तो जल्लोष खिडकीतून गल्लीत गेला. बन्नी द्यायच्या निमित्ताने एक मुलगी आत आली, तिच्यामागून दोन, मग चार. पाने कोणाच्या हाती द्यायची याचेही त्यांना भान उरले नाही. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. सिद्धी नावाची परकरी पोर तर पंतांच्या आरामखुर्चीच्या हातावर चढून बसली. सुखदा मधोमध राणीसारखी बसून हुकूम सोडीत होती: खड्ड्यात पडला की पाळी संपली, रडायचे नाही, गाजराला हात लावायचा नाही!

पंतांना ती खुर्चीही सोडावी लागली. श्रीखंडाची वाटी घेऊन ते बाहेर पायरीवर येऊन टेकले. आतून हशा उसळला, ससा पडल्याचा कोलाहल झाला, आणि त्यावर नातीचा खणखणीत स्वर आला:

“आजोबा, लांब जाऊ नका! तुमचा नंबर आठवा आहे!”

“आलोच,” पंत म्हणाले, आणि घाईघाईने वाटी चाटून पुसू लागले.