बर्फपेटीतल्या दोन नळ्या

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटले, समुद्रकाठी मासे वाहीन. नशिबी आल्या रक्ताच्या नळ्या. स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार कोणाला का गाठतो, ते शास्त्रज्ञांना शोधायचे होते. त्यासाठी नोझुको नर्स मला घेऊन डोंगरातल्या खेड्यांत हिंडायची.

एका घरी लिंडिखाया होता. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येत. गोळ्यांनी तो सावरला होता, मेंढ्या राखत होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बहीण झोलेका हिची होणारी सासू, नोफुम्ला, अंगणात तावातावाने बोलत होती.

"मुलीसाठी आम्ही द्यायच्या गाई ठरल्या, सगळं ठरलं, आणि आता कळतंय घरात वेडा आहे! ह्यांचं रक्तच नासलंय. माझ्या नातवंडांचं काय?"

"मग मोडा लग्न!" झोलेका कडाडली. "माझ्या भावाला वेडा म्हणणाऱ्या घरात मला यायचंच नाही."

"झोलेका सिसी, दम धर," नोझुको म्हणाली. मग नोफुम्लाकडे वळली. "मावशी, हे कुठल्या एका दोषामुळे होत नाही. आईबापांकडून जे येतं त्यात शेकडो बारीक फरक असतात. एकेकट्याचा जोर नगण्य. पुष्कळ एकत्र आले, वर आयुष्यानं फटके दिले, की धोका वाढतो. त्यातले थोडे तुमच्यातही असणार, माझ्यातही."

"माझ्यात? मी तर ठणठणीत!"

"म्हणूनच तुमचंही रक्त हवंय. ताडून बघायला."

"आणि नातवंडांना होणारच नाही, असं लिहून देशील?"

"नाही देणार. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे. पण बहुतेकांना होत नाही."

लिंडिखायाने आतून खुर्ची आणली. "बसा. सुई टोचताना डोंगराकडे बघायचं. मी तेच करतो."

ती बसली. सुई दिसताच तिने त्याचाच हात घट्ट धरला.

मग लिंडिखायाचेही रक्त घेतले, आणि दोघांच्या नळ्या माझ्यात शेजारी शेजारी आल्या. मित्रांनो, वरची चिठ्ठी सोडली तर मला त्या सारख्याच वाटल्या.

लग्न झाले. त्या दिवशी लिंडिखायाला मांडवात घेऊन यायला नोफुम्ला स्वतः गेली, असे नोझुको गाडीत सांगत होती.

आता माझे झाकण मोडले आहे. मी दवाखान्याच्या कोपऱ्यात पडून असते. गोळ्या न्यायला माणसे येतात, कितीतरी जण एकटेच. तुमच्या ओळखीचे असे कोणी असेल, तर सोबत जा. बाकावर जागा असते.