राजसची शांतता

देविकाचा फोन झाल्यावर चिंतामणीने पहिलं काम केलं ते म्हणजे आतल्या कपाटाला कुलूप आहे ना, ते बघितलं. कॅसेट कुठे आहे हे त्याला पंचवीस वर्षं पक्कं ठाऊक होतं. फोनवर मात्र तो म्हणाला होता, "बघायला लागेल गं. असेल तर असेल."

"काय म्हणत होती?" त्याच्या बायकोने, लतिकाने, शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता विचारलं.

"आमच्या 'बंद भोंगा' बँडची पहिली रेकॉर्डिंग्ज परत काढतायत. सोबत पुस्तिका, फोटो, सगळं साग्रसंगीत. मूळ कॅसेट माझ्याकडे आहे का विचारत होती."

"मग दे की."

"देणारच आहे," चिंतामणी म्हणाला. तो सूर ऐकून लतिकाने हातातली शेंग खाली ठेवली.

"अजून जळतोस तू त्या राजसवर."

"मी? जळतो? माझं काय जळायचंय त्याच्यात?"

लतिकाने खाली ठेवलेली शेंग परत उचलली. वीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा प्रश्न नसतो.

आता खरं सांगायचं तर चिंतामणी जळत होता, आणि चांगला रोजच्या रोज जळत होता. एरवी माणूस सरळ. ठाकुरद्वारला वडिलोपार्जित जागा, फोर्टात विमा कंपनीत अधिकारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वर्तमानपत्रात राजसचा फोटो आला की तेवढंच पान त्या दिवशी नेमकं कांद्याच्या सालींखाली जायचं.

'बंद भोंगा' काढला तो चिंतामणी आणि देविका या दोघांनी, कॉलेजात असताना, अठ्ठ्याण्णव साली. नाव चिंतामणीने शोधलेलं, गिटार चिंतामणी वाजवायचा. मराठीत रॉक, आणि तोही असा वेडावाकडा, की ऐकणाऱ्याने आधी आपला टेप बिघडलाय का ते तपासावं. कधी विसर्जनाच्या मिरवणुकीतला बेंजो, कधी पत्र्याची बादली, आणि वर देविकाचा तो खरखरीत आवाज. तालीम लालबागला, देविकाच्या मामांच्या खोलीत. खाली मसाल्याचे डंक होते. दिवसभर लोखंडी मुसळं धाडधाड मिरच्या कुटायची आणि वर यांचं गाणं आणि शिंका बरोबरीने चालायच्या.

मग राजस आला. कानामागून आला आणि तिखट झाला. आठवडाभर त्याचं वाजवणं ऐकल्यावर सगळे चिंतामणीला गोडीत म्हणाले, "मण्या, तू रेकॉर्डिंग बघ ना. तुला मशीनचं कळतं." गाडीतून उतरवायचं आणि वर गाडी ढकलायला लावायचं, यातलाच तो प्रकार. चिंतामणीने गिटार भिंतीला टेकवली आणि चार ट्रॅकचं ते मशीन मांडीवर घेतलं. आपण तेव्हा हसलो होतो, हे आठवून त्याला आजही संताप यायचा.

नव्याण्णवच्या मे महिन्यात त्यांनी 'पाणी गेलं' हे गाणं रेकॉर्ड केलं. एका ट्रॅकवर ड्रम, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर देविका आणि चौथ्यावर राजस. गाण्याच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं आणि पाऊण मिनिट एकट्या राजसने वाजवायचं, असं ठरलेलं. त्याच्या गिटारची वायर थेट मशीनला जोडलेली, त्यामुळे खोलीत आवाज नव्हता. जे काय होतं ते हेडफोनमध्ये. एक हेडफोन राजसच्या कानावर आणि एक देविकाच्या. देविका डोळे मिटून ऐकत होती. चिंतामणी वाजवायचा तेव्हा तिने डोळे मिटल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी राजस आंब्यांसाठी मालवणला आजोळी गेला. कॉलेजांच्या स्पर्धेला गाणं पाठवायची तारीख आली. चार ट्रॅक एकत्र करून साध्या कॅसेटवर उतरवायचं काम चिंतामणीचं. दुपारी घरातले सगळे झोपलेले असताना त्याने ते केलं. आणि राजसचं पाऊण मिनिट आलं तेव्हा चौथ्या ट्रॅकचा फेडर, ते आवाज कमीजास्त करायचं सरकतं बटण, खाली ओढलं. पाऊण मिनिट झाल्यावर परत जागेवर नेलं. बस. एवढंच केलं त्याने.

त्या रिकाम्या जागेत उरलं काय, तर देविकाच्या चालू माइकमध्ये शिरलेला खालच्या डंकांचा धडधडाट आणि मधोमध एक सणसणीत शिंक. शिंक चिंतामणीची.

स्पर्धा बाजूलाच राहिली, पण ती कॅसेट हातोहात फिरली. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी कॉपी. जो तो म्हणे, काय डेअरिंग आहे! सगळं वाजवणारा माणूस ऐन वेळेला गप्प बसतो आणि गिरणगावाला बोलू देतो! राजस मालवणहून परत आला तेव्हा लोक त्याचे हात हातात घेऊन हलवत होते. त्याने कॅसेट ऐकली. चिंतामणीने 'ट्रॅक खराब झाला रे' हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. राजसने विचारलंच नाही. बाकीच्यांना वाटलं, जाताना राजसनेच ते काढायला सांगितलं असेल. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगून टाकलं, "तिथे न वाजवायचं मी ठरवलं."

आयत्या बिळावर नागोबा! त्या एका शांततेवर राजस मोठा झाला. तो परदेशात वाजवायला गेला, त्याने शिबिरं घेतली. पोरं त्या गाण्यावर अजून वेडी होती. कार्यक्रमात ती जागा आली की अख्खं प्रेक्षागृह एकदम शिंकायचं, तशी प्रथाच पडली होती. शिंकलं कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. चिंतामणीने पुढच्याच वर्षी परीक्षेचं निमित्त करून बँड सोडला. जगात त्याचं जे काय नाव उरलं ते त्या शिंकेपुरतं, आणि तेही निनावी.

म्हणून तर कॅसेट द्यायला तो एका पायावर तयार होता. मूळ कॅसेटवर चौथा ट्रॅक शाबूत होता. तो सगळ्यांसमोर लागला की राजसचं पितळ उघडं. 'मी ठरवलं' म्हणे! मग विचारतील, ठरवलं कुणी? मग चिंतामणीचं नाव घ्यावंच लागेल.

शनिवारी चार वाजता तो परळच्या स्टुडिओत पोचला. जुन्या गिरणीच्या आवारात काचेची ऑफिसं उठली होती, त्यातल्याच एका मजल्यावर. देविका भेटली, केस पिकलेले, आवाज तसाच. राजसने येऊन मिठीच मारली.

"मण्या, काय रे, किती वर्षांनी! सुटलायस जाम."

"तू तसाच आहेस," चिंतामणी म्हणाला, आणि ते खरं असल्याचा त्याला राग आला.

मशीनपाशी अनुजा नावाची मुलगी बसली होती. आवाजाचं काम तिचं, आणि पुस्तिकेतला मजकूरही तीच लिहिणार होती. तिने कुठून तरी तसलंच जुनं मशीन मिळवून दुरुस्त करून घेतलं होतं. तिने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली.

"वरच्या दोन्ही टॅब तोडल्यात. यावर चुकून कुणी दुसरं काही रेकॉर्ड करू नये म्हणून ना? कुणी तोडल्या?"

"मीच," चिंतामणी म्हणाला. हे तो साफ विसरला होता. राजसने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

गाणं सुरू झालं. अनुजा एकेक ट्रॅक वर आणत होती. ड्रम आले, बेस आला, देविकाचा तेविशीतला आवाज आला आणि पन्नाशीला टेकलेल्या देविकाने तोंडावर हात घेतला. मध्यावर सगळे थांबले. डंक धडधडू लागले.

"सर, चौथ्या ट्रॅकवर काहीतरी हलतंय," अनुजा पडद्याकडे बघत म्हणाली. "इथे तर शांतता आहे ना?"

"मागे घे," चिंतामणी म्हणाला. "आणि तो ट्रॅक वर कर. पूर्ण वर."

तो राजसकडे बघत होता. राजस जमिनीकडे बघत होता. पंचवीस वर्षं याच क्षणासाठी कॅसेट सांभाळल्यासारखं चिंतामणीला वाटलं.

आणि मग ते पाऊण मिनिट वाजलं.

ती नुसती खाजवाखाजवी होती, असं चिंतामणीने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला ते पाठ झालं होतं. पण ती तशी नव्हती. पोराने डंकांशी संगत केली होती. हेडफोनमधून त्याला खालचे ठोके ऐकू येत असणार. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत तो एकच सूर ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. पुढच्या फटीत दुसरा, जरासा वाकवलेला. नळाला पाणी येण्याआधी हवा गुरगुरते, तसं काहीतरी त्यातून जमत गेलं. शिंक आली तर तिच्यानंतरही त्याने मुद्दाम एक ठोका रिकामा सोडला, शिंकणाऱ्याला जागा दिल्यासारखा. डंकांना बोलू दिलं होतं ते त्याने, खरोखरच दिलं होतं. वाजवता वाजवता दिलं होतं.

चिंतामणीची जुनी आग भडकली. इतकी ताजी, की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. हे आपल्याला सुचलं नसतं. तेव्हाही नसतं, आजही नाही. त्याला कळलं ते एवढंच, की आपण उठून मशीनपाशी गेलो आहोत आणि आपलं बोट चौथ्या फेडरवर आहे.

"थांब मण्या," राजस म्हणाला.

अनुजाने मशीन बंद केलं. चिंतामणीचं बोट तिथेच होतं. फेडर अर्ध्यावर आला होता.

"त्या दिवशी पण असाच गेला असेल ना हात?" राजसने हळूच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"मी काय वाजवलं ते मला माहीत नसणार? मालवणहून आलो, कॅसेट ऐकली, तेव्हाच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"काय विचारणार? विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला सगळ्यांना सांगायला लागलं असतं की ती कल्पना माझी नाही." राजसने चेहऱ्यावरून हात फिरवला. "लोक डोक्यावर घेऊन नाचत होते रे. बावीस वर्षांचा होतो मी. कोण सोडतो?"

"आणि नंतर? आता नाही ना बावीस वर्षांचा?"

"नंतर काय! जिथे जातो तिथे तेच विचारतात. ती शांतता कशी सुचली सर? माझं हे वाजवणं तुम्हा दोघांशिवाय एका माणसाने ऐकलेलं नाही, आणि न वाजवलेलं गाजलं. दुसरं तसं काही करून दाखवायला बघतोय इतकी वर्षं. जमत नाही. एक बटण खाली ओढलंस तू, आणि जन्मभर मला भारी पडलास. तुझ्यावर इतका जळलोय मी, मण्या."

 देविकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकली.

चिंतामणीला आनंद व्हायला हवा होता. राजस आपल्यावर जळतो! हे वाक्य घरी नेऊन लतिकाला ऐकवावं, असं होतं. पण ते पाऊण मिनिट त्याच्या कानात अजून वाजत होतं, आणि त्याच्यापुढे आनंदाचं काही चालेना.

"टॅब का तोडल्यास?" राजसने विचारलं. "पुसून टाकता आलं असतं."

"पुसवलं नाही," चिंतामणी म्हणाला. यापलीकडे त्याला कारण माहीत नव्हतं.

अनुजाने घसा खाकरला. लॅपटॉप पुढे ओढत ती म्हणाली, "म्हणजे मग पुस्तिकेत शांततेचं श्रेय चिंतामणी सरांना, बरोबर?"

"त्यालाच," राजस म्हणाला. "माझं नाव काढ तिथून."

"मग सर, का काढलंत ते वाजवणं, यावर दोन ओळी हव्यात. लोक हेच आधी वाचतात."

वाक्यं तयार होती. पंचवीस वर्षं आंघोळ करताना चिंतामणीने ती घासूनपुसून ठेवली होती. संपत चाललेलं गिरणगाव, मशीनचं संगीत, कलावंताने कधी बाजूला व्हावं, असली जडजंबाल वाक्यं. ती आता म्हटली असती तर कुणी अडवलं नसतं. राजस त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की असली वाक्यं त्याने भरपूर म्हटली आहेत.

"जळत होतो," चिंतामणी म्हणाला.

अनुजाची बोटं थांबली. "असंच लिहू?"

"असंच लिही. आणि ती शिंक माझी आहे, तेही लिही."

देविकाला हसू फुटलं, पण तिचे डोळे भरले होते. चिंतामणीने तो अर्ध्यावरचा फेडर सरकवून पूर्ण वर नेला. मग मागे येऊन खुर्चीत बसला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालून घट्ट दाबून धरले.

"आता लाव," तो म्हणाला. "पहिल्यापासून."