धारेच्या वेळची गाणी

मित्रांनो, संगीताचं खरं मर्म या जगात फार थोड्यांना कळलं आहे, आणि त्या थोड्यांत माझी गणना व्हायला हरकत नसावी. मी एक जुनी म्हैस आहे.

हसून घ्या. गाढवापुढे गीता वाचणाऱ्यांनी त्यावर गाढवाचं मत कधी विचारलं नाही. आमचंही तसंच झालं.

माझा जन्म हिवरे बाजारच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव चांदणी पडलं. बाकी अंगाचा आणि चांदण्याचा काही संबंध नाही. मालकीण साळूबाई. तिच्या घरात भिंतीवरचा सपाट टीव्ही आला, तेव्हा जुना टेपरेकॉर्डर अडगळ ठरला. घरातली प्रत्येक अडगळ शेवटी गोठ्यात येते, या नियमाने तो माझ्या गव्हाणीवरच्या फळीवर आला. सोबत कॅसेटांनी भरलेला पत्र्याचा डबा. पहिल्या वेताला मी फार लाथाळ होते. साळूबाईने एकदा वैतागून स्वतःच्या करमणुकीसाठी बटण दाबलं, आणि माझे चारही पाय जागच्या जागी राहिले. तेव्हापासून गाणं लागल्याशिवाय धार नाही, असा आमचा दोघींचा रिवाज पडला.

वाचता येत नसल्याने मी कॅसेटा कव्हरावरून ओळखत असे. तुम्ही नव्याने ऐकणार असाल, तर निळ्या कव्हरापासून सुरुवात करा. त्यावर खिडकीशी एक बाई कुणाची तरी वाट पाहत उभी आहे. इतक्या वर्षांत कुणी आलेलं नाही. आत भावगीतं आहेत. गाणारीला कुठेही जायची घाई नाही. दुसऱ्या बाजूला बासरी येते, तिथे मन सैल झालं नाही तर डॉक्टरला दाखवा. त्यानंतर उंदराने कव्हर खाल्लेली ऐका. जुन्या हिंदी सिनेमातली गाणी, आणि आवाज कसा, तर रात्रभर भिजवलेल्या सरकी पेंडीसारखा मऊ. थंडीच्या दिवसांत मात्र पिवळी. तिच्यात शब्दच नाहीत, नुसती गिटार. ज्यांना रवंथ करता करता ऐकायचं असतं, त्यांच्यासाठी ती उत्तम.

माझ्या दुधाचं गावात कौतुक होत असे. श्रेय सगळे पेंडीला देत.

यंदा मी व्याले, आणि त्याच सुमारास साळूबाई लेकीच्या बाळंतपणाला पाथर्डीला गेली. धार सुनेकडे आली, रोहिणीकडे. साळूबाईचा मुलगा अजिनाथ मोठा हौशी. त्याने गोठ्याचं आधुनिकीकरण केलं. म्हणजे टेप आणि डबा भंगारात दिला, आणि गणेश मंडळाचा जुना स्पीकर आणून आढ्याला टांगला. त्यातून पहिला ठोका पडला तशा गोठ्यातल्या चिमण्या उडून गेल्या. मी दाव्याला बांधलेली. लोक म्हणाले म्हशीने पान्हा चोरला. मित्रांनो, चोरायला तो आधी यावा लागतो.

रेडकू लावून पाहिलं, तर तेच भेदरून उलटं पळालं. मग मढीच्या देवाचा अंगारा झाला, कॅल्शियमच्या बाटल्या झाल्या, लिंबू-मिरची झाली. स्पीकर मात्र चालूच, कारण गोठ्यात गाणं लावायची आमच्याकडे पद्धत आहे.

"तुझा हातच जड हाय," अजिनाथ म्हणाला.

"मंग तुमी बसा की धारंला," रोहिणी म्हणाली. "लाथ कशी लागती ते कळंल तरी."

पाथर्डीहून साळूबाईचा फोन आला. "रोहिणे, आगं नखं काढलीस का?"

"दोनदा काढली आत्याबाई. आता बोटं तेवढी राहिलीत."

फोन ठेवून ती माझ्या अंगावर डोकं टेकून रडली. "चांदणे, माझी लाज राख गं." पोरीचा हात खरं तर सासूपेक्षा हलका होता. मला सगळं सांगायचं होतं. पण आमच्या भाषेत शब्द एकच, आणि माणसं त्याचा अर्थ 'तहान लागली' असा घेतात. मी ओरडले. तिने डोळे पुसून पाण्याची बादली ठेवली.

शेवटी मला विकायचं ठरलं. घोडेगावच्या बाजारात जनावरं नेणारा गोरक्षनाथ पिकअप घेऊन आला. अजिनाथने पाहुण्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून स्पीकर बंद केला. गोरक्षनाथाने माझे दात पाहिले, कास दाबली आणि नाक मुरडलं. "आटलीय की हो ही. वय बी झालंय."

पण पिकअपचं दार उघडं होतं, आणि आत हळू आवाजात गाणं चालू होतं. तेच निळं कव्हर, दुसरी बाजू. बासरी आली. मी डोळे मिटले. खाली टप टप आवाज झाला.

रोहिणीने आधी माझ्या कासेकडे पाहिलं, मग पिकअपकडे, मग आढ्याकडे.

"भाऊ, ते गानं जरा मोठं करा बरं," ती म्हणाली, आणि चरवी घेऊन खाली बसली. चरवी फेसाने भरून आली.

गोरक्षनाथ बघतच राहिला. "मालक, ठरवून टाका. मी आत्ता घिऊन जातो हिला!"

"न्हाई इकायची," रोहिणी चरवीवरून मान न उचलता म्हणाली.

"आरं वा! गानं माजं आन दूध तुमचं, ह्यो कुठला न्याय?"

"चा घ्या की भाऊ. तुमच्याच गान्याचा हाय."

अजिनाथ माझ्याकडे रागाने बघत होता. "आवडत न्हाई तर सांगायचं न्हाई का?"

पाथर्डीहून साळूबाई फोनवर म्हणाली, "मी म्हनतच हुते, पोरीचा हात लई गुनाचा हाय."

तेव्हा मित्रांनो, जुनी गाणी जपा. एखादी वस्तू भंगारात देण्यापूर्वी ती घरात कोण कोण ऐकतं, ते एकदा विचारा. चार पायांच्यांनाही विचारा. रागावणं सोपं असतं, कान देणं अवघड. ज्या घरात आवाज हळू असतो, तिथे खरं कारण ऐकू येतं आणि दोष द्यायला माणूस लागत नाही.

आता रोहिणी मोबाईल खुंटीला अडकवते आणि तीच गाणी लावते. माझी तक्रार काही नाही. फक्त दर दोन गाण्यांच्या मधे एक गृहस्थ येऊन केसगळतीवरचं तेल विकतात, आणि धार तुटते. तुमच्यापैकी कुणाला जमत असेल, तर तेवढं बिनजाहिरातीचं करून द्या. मला केस मुळातच कमी आहेत.