हरणाबाईच्या नावाचा अभिषेक

त्र्याहत्तरच्या जानेवारीत पलूसचे जोतीराम सुनेला, हरणाबाईला घेऊन मुंबईला आले. मुलगा सयाजी नेव्हीत होता. एकाहत्तरच्या लढाईत तो समुद्रात बेपत्ता झाला. तार आली, माणूस आला नाही. आता त्याचं पिंडदान करायचं आणि तेही समुद्राकाठीच, असं घरात ठरलं होतं.

काठावरचं महादेवाचं देऊळ फार जुनं. भोवती उंच इमारती उठल्यामुळं सकाळी दहालाही आवारात ऊन नव्हतं. गाभारा सात पायऱ्या खाली, भिंती ओल्या. भिंतीपलीकडं समुद्र धापा टाकत होता.

जोतीराम गुरवाला म्हणाले, “आदी अभिषेक करा. नाव सयाजी जोतीराम, गाव पलूस.”

गुरवानं तांब्या खाली ठेवला. “ते आत्ताच येऊन गेले की! दर सोमवारी येतात. बायकोच्या नावानं अभिषेक करतात. हरणाबाई, पलूस.”

जोतीरामांनी विचारलं, “दिसायला कसा हाय?”

“उंच. डाव्या भुवईवर जुन्या खोकेची खूण आहे.”

ती खोक सयाजीला लहानपणी विहिरीवर पडून झालेली. हरणाबाई धावत वर गेली. दारातली फुलवाली म्हणाली, “सकाळपासून तुम्ही दोघंच आत गेलात. बाहेर तर कुणीच आलं नाही.”

हरणाबाई परत खाली आली. “मामंजी, आपुन पुढच्या सोमवारपतूर ऱ्हायचं.”

“पोरी, आगं…”

“आवं, ऱ्हायचं.”

दोघं परळला गाववाल्याच्या खोलीवर राहिली. पुढच्या सोमवारी हरणाबाई पहाटेपासून पायरीवर बसली. बारा वाजले. कुणी आलं नाही.

शेवटी गुरव जवळ आला. “बाई, त्या दिवशी सांगायचा धीर झाला नाही. जाताना ते म्हणाले होते, ‘आता मी येणार नाही. ती निघालीय इकडं.’ तुम्ही आलात त्याच्या थोडं आधी.”

हरणाबाई पायरीवरून उठली. मग म्हणाली, “मामंजी, पिंडाचं सामान काढा.”

खडकावर ठेवलेले पिंड पहिल्याच लाटेनं उचलले. एक कणही मागं राहिला नाही.

सांगलीच्या गाडीत बसल्यावर तिनं हळूच विचारलं, “मामंजी, आपुन येतोय ते त्यास्नी कुणी सांगितलं असंल?”

जोतीरामांनी खिडकी ओढून लावली.